ड्राइव्हला फाइल माहीत नसते

काही महिन्यांपूर्वी मी स्वतःच्या हाताने एक ५०० जीबीची हार्ड डिस्क पुसली. संगणकाला दोन ड्राइव्ह जोडलेले होते. त्यांपैकी नव्या ड्राइव्हवर पार्टिशन टेबल, म्हणजे ड्राइव्हचे कोणते भाग (पार्टिशन) कुठे आहेत याची यादी, तयार करायचे होते आणि आज्ञा देताना एका अक्षराची चूक झाली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ड्राइव्हना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे मिळतात. बी आणि सी या कळा कीबोर्डवर फारशा लांब नसतात, आणि घाईत माणूस स्क्रीनवरचे वाचण्याऐवजी मनातले वाचतो. नवे टेबल लिहिले गेल्याचा संदेश आला तेव्हा ते कोणत्या ड्राइव्हवर लिहिले गेले हे मला कळले. दहा वर्षांचे फोटो, पत्रव्यवहार आणि टिपणे ज्या डिस्कवर होती, तिच्यावर एकही पार्टिशन नाही, सगळी जागा मोकळी आहे, असे आता दाखवले जात होते.

अशा वेळी सर्वांत धोकादायक असतो तो ऑपरेटिंग सिस्टिमचा नम्र प्रश्न: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची आहे का? मी तो प्रश्न बंद केला, हात कीबोर्डवरून काढले आणि नेमके काय गमावले आहे याचा हिशेब कागदावर मांडला. त्या हिशेबातून जे उलगडले ते लिहून ठेवावेसे वाटले, कारण इतकी वर्षे संगणक वापरूनही साठवणुकीच्या साधनाकडे मी चुकीच्या नजरेने पाहत होतो. हार्ड डिस्क म्हणजे फाइलींचे कपाट, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ड्राइव्हला फाइल, फोल्डर, नाव, तारीख यांतले काहीही माहीत नसते.

ड्राइव्ह बाहेरच्या जगाला एवढेच सांगतो, की माझ्याकडे अमुक इतके सेक्टर आहेत, त्यांना शून्यापासून क्रमांक दिलेले आहेत, आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. माझ्या डिस्कवर असे ९७,६७,७३,१६८ सेक्टर होते. त्या संख्येला ५१२ ने गुणले की ५०० जीबीपेक्षा किंचित जास्त बाइट होतात. काही प्रणाली तीच जागा ४६५ जीबी म्हणून दाखवतात, कारण उत्पादक जीबी मोजताना १००० च्या पटीने जातो आणि त्या प्रणाली १०२४ च्या पटीने. यात कोणी जागा चोरलेली नसते, फक्त मापे दोन आहेत. सॉफ्टवेअरने ड्राइव्हला विचारायचे प्रश्नही मोजकेच आहेत: या क्रमांकापासून इतके सेक्टर वाचून दे, या क्रमांकापासून इतके सेक्टर लिही, हाताशी ठेवलेले सगळे कायमस्वरूपी लिहून टाक. याखेरीज काही देखभालीच्या आज्ञा असतात, पण व्यवहाराचा गाभा एवढाच. त्या बाइटांचा अर्थ काय, हे ठरवणारा सगळा कारभार ड्राइव्हच्या बाहेर, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चालतो.

मग माझ्या चुकीने नेमके काय पुसले गेले? जुन्या पद्धतीचे पार्टिशन टेबल शून्य क्रमांकाच्या सेक्टरमध्ये असते. त्या ५१२ बाइटांपैकी पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी राखलेले असतात, नंतर प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी येतात, आणि शेवटच्या दोन बाइटांत ५५ व एए (सोळाच्या पायावरच्या अंकलेखनात) ही खूण असते. एका नोंदीत पार्टिशन कोणत्या सेक्टरपासून सुरू होते आणि किती सेक्टर चालते हे लिहिलेले असते. त्या दोन्ही संख्यांना ३२ बिट दिलेले असल्यामुळे हे टेबल सुमारे २.२ टीबीच्या पलीकडची जागा मोजूच शकत नाही. माझ्या डिस्कवर एकच पार्टिशन होते, म्हणजे एकच नोंद. पाचशे अब्ज बाइटांपैकी मी गमावले होते ते अवघे १६ बाइट.

हे कळल्यावर धीर आला. सेक्टर जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून, केवळ वाचण्याच्या परवानगीने, मी ड्राइव्ह उघडला. शून्य क्रमांकाच्या सेक्टरमध्ये नोंदींच्या जागी ओळीने शून्ये होती आणि शेवटी ती ५५ व एएची जोडी इमानाने उभी होती. आता प्रश्न उरला तो पार्टिशन कुठून सुरू होत होते हा, आणि त्याचे उत्तर बहुतेक आधुनिक साधनांच्या बाबतीत ठरलेले असते: सेक्टर २०४८, म्हणजे बरोबर १,०४८,५७६ बाइट पुढे. याच आकड्यामागे एक मोठा इतिहास आहे, आणि तो इथे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या डिस्क साठवणुकीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या फिरत असत आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. तेव्हापासून कितीतरी वर्षे सॉफ्टवेअरला तबकड्यांची भूमिती ठाऊक असावी लागे: कोणता सिलिंडर (तबकड्यांवरची एकाखाली एक येणारी वर्तुळे), कोणते हेड (तबकडीवरून वाचणारा व लिहिणारा भाग), त्या वर्तुळावरचा कितवा सेक्टर, हे तीन आकडे सांगितल्याशिवाय वाचन होत नसे. पुढे वैयक्तिक संगणकांत बायोस (संगणकात मुळातच बसवलेला प्रारंभीचा प्रोग्रॅम) आणि ड्राइव्ह या दोघांच्या मर्यादा एकत्र आल्या, आणि १०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर यांच्यापुढे मोजताच येईना. त्या गुणाकारातून सुमारे ५२८ एमबीची प्रसिद्ध भिंत उभी राहिली. दरम्यान ड्राइव्हने सॉफ्टवेअरच्या समाधानासाठी खोटे बोलायला सुरुवात केली होती. तबकडीच्या बाहेरच्या वर्तुळाचा परीघ मोठा, त्यामुळे तिथे जास्त सेक्टर बसवता येतात, पण सॉफ्टवेअरला प्रत्येक वर्तुळावर सारखेच सेक्टर आहेत असे सांगितले जाई. आत दोन तबकड्या असल्या तरी १६ हेड असल्याचे कळवले जाई. शेवटी हे नाटक आवरते घेऊन सेक्टरांना सरळ क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. तीत क्रमांकासाठी आधी २८ बिट होते, म्हणून १३७ जीबीवर नवी भिंत आली, आणि नंतर ४८ बिट करून तीही पाडावी लागली.

भूमिती गेली तरी तिची एक सवय मागे राहिली. पहिले वर्तुळ राखून ठेवायचे आणि पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करायचे, असा प्रघात दीर्घकाळ चालला. मग २०१० च्या सुमारास ४०९६ बाइटांचे मोठे सेक्टर असलेले ड्राइव्ह बाजारात आले. ते बाहेरून मात्र ५१२ बाइटांचेच सेक्टर असल्याचे सांगत, म्हणजे आणखी एक सोयीचे खोटे. आता ६३ ला ८ ने भाग जात नाही, त्यामुळे फाइल सिस्टिमचा (फाइलींची नावे व जागा यांची मांडणी ठेवणाऱ्या व्यवस्थेचा) ४०९६ बाइटांचा प्रत्येक ब्लॉक दोन मोठ्या सेक्टरांवर अर्धामुर्धा पडू लागला आणि एक ब्लॉक लिहिण्यासाठी ड्राइव्हला दोन सेक्टर आधी वाचून मग परत लिहावे लागू लागले. यावरचा उपाय म्हणून पार्टिशनची सुरुवात एक एमबीच्या सीमेवर नेली गेली, आणि म्हणून २०४८. एका तांत्रिक तडजोडीने मला माझा पत्ता सापडला.

माझ्या पार्टिशनवर लिनक्सची एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम होती. तिचा मुख्य तपशील, ज्याला सुपरब्लॉक म्हणतात, तो पार्टिशनच्या आरंभापासून १०२४ बाइट सोडून असतो, आणि त्यात ५६ बाइट पुढे ईएफ५३ ही ओळखखूण असते. मी १,०४९,६५६ व्या बाइटवर गेलो. तिथे ५३ आणि ईएफ हे दोन बाइट शेजारी शेजारी होते. कमी मूल्याचा बाइट आधी लिहिण्याच्या पद्धतीमुळे खूण उलटी दिसते. जरा पुढे, उजवीकडच्या रकान्यात, मी कधीकाळी त्या डिस्कला दिलेले नाव रोमन अक्षरांत चक्क वाचता येत होते. हातून निसटून दारामागे पडलेली किल्ली दिसावी तसे वाटले.

याच सुपरब्लॉकमध्ये एकूण ब्लॉकांची संख्या असते. ती निघाली १२,२०,९६,३९०. प्रत्येक ब्लॉक ४०९६ बाइटांचा, म्हणजे ८ सेक्टरांचा; आठने गुणल्यावर ९७,६७,७१,१२० सेक्टर झाले. त्यात सुरुवातीचे २०४८ मिळवले आणि उत्तर आले ९७,६७,७३,१६८. ड्राइव्हने सांगितलेल्या एकूण सेक्टरांइतकेच, एकही कमी नाही की जास्त नाही. पार्टिशन कुठून सुरू होते आणि कुठे संपते याबद्दल त्यानंतर शंका उरली नाही.

गंमत अशी, की फाइली परत दिसण्यासाठी ती १६ बाइटांची नोंद परत लिहिण्याचीही गरज नव्हती. लिनक्सला फक्त सांगितले, की या ड्राइव्हच्या १,०४८,५७६ व्या बाइटपासून एक फाइल सिस्टिम सुरू होते असे समज आणि ती केवळ वाचण्यासाठी जोड. लगेच सगळे फोल्डर समोर आले. पार्टिशन ही वस्तू नव्हेच. ती मोजणीत मिळवायची एक संख्या आहे. हे वाक्य मी पूर्वीही कुठेतरी वाचले असेन, पण त्या दिवशी ते पटले.

फोटो उघडण्यासाठी दोनदा क्लिक केल्यावर ती संख्या कशी वापरली जाते, ते पाहण्यासारखे आहे. फोटो दाखवणारा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलला, म्हणजे तिच्या गाभ्याला, फक्त एक मार्ग देतो, म्हणजे फोल्डरांच्या नावांची साखळी. कर्नल वरच्या फोल्डरपासून एकेक नाव शोधत खाली येतो. फोल्डर हीसुद्धा एक फाइलच असते, आणि तिच्यात नावे आणि त्यांच्यासमोर आयनोड क्रमांक यांची यादी असते. आयनोडमध्ये फाइलचा आकार, मालक, तारखा आणि तिचा मजकूर कोणकोणत्या ब्लॉकांत आहे ही माहिती असते. फाइलचे नाव मात्र तिथे नसते, ते फोल्डरमध्येच राहते. समजा फोटोचा मजकूर ५,००,००० व्या ब्लॉकपासून सुरू होतो. आठने गुणून ४०,००,००० झाले, पार्टिशनचे २०४८ मिळवून ४०,०२,०४८ झाले, आणि हाच क्रमांक अखेर ड्राइव्हकडे जातो. या क्षणी नाव, फोल्डर, मालक सगळे गळून पडलेले असते. ड्राइव्हच्या दृष्टीने तो फोटो नाही, की पत्रही नाही.

ड्राइव्हने वाचलेले बाइट प्रोसेसर एकेक करून उचलत नाही. कर्नल स्मृतीतली एक जागा नेमून देतो, ड्राइव्हचा कारभार पाहणारा कंट्रोलर परस्पर तिथे मजकूर नेऊन ठेवतो आणि काम झाल्यावर प्रोसेसरला इशारा देतो. मधल्या काळात प्रोसेसर दुसरी कामे करतो, आणि ते आवश्यकच असते, कारण फिरत्या तबकडीच्या मानाने तो अफाट वेगवान आहे. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी तबकडी एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लावते. हवा असलेला सेक्टर हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, आणि त्याआधी हेड योग्य वर्तुळावर सरकण्याचा वेळ वेगळा. दहा मिलिसेकंदांत तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तीन कोटी ठोके होऊन गेलेले असतात. म्हणूनच एकदा वाचलेला मजकूर कर्नल रिकाम्या रॅममध्ये जपून ठेवतो आणि तीच फाइल दुसऱ्यांदा मागितली तर ड्राइव्हला त्रासच देत नाही. रॅम भरलेली दिसते म्हणून घाबरणाऱ्यांना हे सांगावेसे वाटते: तिचा बराच भाग याच कामाला लागलेला असतो आणि गरज पडताच मोकळा होतो.

ही घटना फिरत्या तबकडीऐवजी एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपांच्या ड्राइव्हवर, घडली असती तर? नुसते टेबल पुसण्यापुरते बहुधा असेच निभावले असते. पण त्या नम्र प्रश्नाला मी होकार दिला असता, तर मात्र सुटका नव्हती. एसएसडीमधल्या फ्लॅश स्मृतीवर लिहिलेल्या जागी पुन्हा तसेच लिहिता येत नाही. लिहिणे काही केबींच्या पानांत होते, पण पुसणे मात्र शेकडो पानांच्या मोठ्या गठ्ठ्यातच करावे लागते, आणि प्रत्येक गठ्ठा ठराविक वेळाच पुसता येतो. त्यामुळे आतला कंट्रोलर नवा मजकूर नेहमी कोऱ्या पानावर लिहितो आणि सेक्टरचा कोणता क्रमांक आता कोणत्या पानावर आहे याची स्वतःची वही ठेवतो. एक टीबीच्या ड्राइव्हसाठी ती वही सुमारे एक जीबीची होते. सॉफ्टवेअरने वाचलेला सेक्टर ४०,०२,०४८ आज एका चिपमध्ये असेल, उद्या दुसऱ्या. बाहेरून क्रमांक तोच. तबकडीच्या काळात सुरू झालेले सोयीचे खोटे इथे कळसाला पोहोचते.

मात्र या व्यवस्थेत एक अडचण होती. फाइल काढून टाकली की फाइल सिस्टिम आपल्या यादीतून ती खोडते, पण ड्राइव्हला त्याचा पत्ता नसतो. तो त्या निरुपयोगी पानांनाही जिवापाड जपतो आणि जागा झाडताना त्यांची उगाच हलवाहलव करतो. म्हणून ट्रिम ही आज्ञा आली: या क्रमांकांचा मजकूर आता नको. एसएसडीवर फॉरमॅट करताना अनेक प्रोग्रॅम संपूर्ण पार्टिशनसाठी ही आज्ञा देतात. त्यानंतर ते सेक्टर वाचले तर बहुतेकदा शून्येच हाती येतात. तबकडीवरचा पुसलेला मजकूर परत मिळतो, या जुन्या अनुभवावर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. एसएसडीच्या वेगाची चर्चा सगळेच करतात, म्हणून तिच्यात मी शिरत नाही; एवढेच, की ड्राइव्हशी बोलण्याची जुनी एएचसीआय पद्धत ३२ आज्ञांच्या एकाच रांगेवर भागवत होती, तर २०११ साली आलेल्या एनव्हीएमईमध्ये ६५,५३५ रांगा असू शकतात आणि प्रत्येकीत ६५,५३६ आज्ञा. रांग थेट रॅममध्ये असते. सॉफ्टवेअर तिच्यात आज्ञा लिहून ठेवते आणि ड्राइव्हच्या ज्या रजिस्टरला (आकडा ठेवण्याच्या छोट्या जागेला) डोअरबेल म्हणतात त्यात एक आकडा लिहिते. ड्राइव्ह येऊन आज्ञा घेऊन जातो.

माझे काम अजून संपले नव्हते. दिसू लागलेल्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवायच्या होत्या. त्याला काही तास लागले, आणि शेवटी हिरवी पट्टी १०० टक्क्यांवर पोहोचून नाहीशी झाली. तरी ड्राइव्हचा दिवा लुकलुकतच होता. याचे कारण असे, की प्रोग्रॅमने 'लिही' म्हटल्यावर कर्नल मजकूर रॅममध्ये घेतो आणि लगेच 'झाले' म्हणतो. प्रत्यक्ष ड्राइव्हवर तो सवडीने जातो. लिनक्सच्या मूळ मांडणीत असा मजकूर ३० सेकंदांपर्यंत नुसता पडून राहू शकतो, आणि रॅम मोठी असेल तर काही जीबी एवढा साचू शकतो. हा आळस फायद्याचा आहे, कारण शेजारशेजारचे मजकूर एकत्र करून लिहिता येतात. पण तेवढ्यात केबल उपटली तर पट्टीने दिलेला शब्द खोटा ठरतो. पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी 'सुरक्षितपणे काढा' म्हणायचे ते याचसाठी.

ज्या प्रोग्रॅमला खात्री हवी असते तो एफसिंक नावाची हाक देतो: या फाइलचे जे काही साचले आहे ते खरोखर पोहोचेपर्यंत मला परत बोलावू नकोस. कर्नल मग मजकूर ड्राइव्हकडे पाठवतो आणि ड्राइव्हलाही त्याच्या स्वतःच्या कॅशमधले (तात्पुरत्या साठ्यातले) रिते करायला सांगतो, कारण तिथेही हाच आळस असतो. ड्राइव्ह प्रामाणिक असेल तर साखळी पूर्ण होते. माझ्या मते संगणकातली सर्वांत दुर्लक्षित हाक हीच. डेटाबेस लिहिणारी मंडळी तिच्यावर जीव टांगून असतात, आणि तरीही २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या विकासकांना आढळले, की लिनक्सवर एफसिंकने एकदा चूक कळवल्यावर तीच हाक पुन्हा दिली तर मजकूर न पोहोचताही यशाचा निरोप मिळू शकतो. पहिल्या अपयशानंतर कर्नल रॅममधली ती पाने 'लिहिलेली' समजून मोकळा होत असे. अखेर त्यांनी असे अपयश येताच डेटाबेस सरळ बंद पाडायचा आणि पुन्हा सुरू होताना नोंदवहीवरून सगळे उभारायचे, असा निर्णय घेतला.

दिवा शांत झाल्यावर, आणि उतरवलेल्या फाइली मूळ फाइलींशी ताडून पाहिल्यावरच, मी जुन्या डिस्कवर ती १६ बाइटांची नोंद परत लिहिली. सुरुवात २०४८, लांबी ९७,६७,७१,१२०. डिस्क नेहमीसारखी जोडली गेली. माझे नशीब एवढेच, की त्या चुकीच्या आज्ञेत मी जुन्या पद्धतीचे टेबल निवडले होते. नव्या जीपीटी पद्धतीचे निवडले असते तर टेबलाची प्रत डिस्कच्या अखेरीसही लिहिली गेली असती आणि माझ्या पार्टिशनचे शेवटचे ३३ सेक्टर तिच्याखाली गेले असते. एरवी ती प्रत मोठ्या उपयोगाची, कारण सुरुवातीचे टेबल बिघडले तर तिच्यावरून ते दुरुस्त करता येते. जुन्या पद्धतीत तशी प्रत कुठेच नसते.

म्हणून त्याच रात्री मी त्या डिस्कच्या शून्य क्रमांकाच्या सेक्टरची प्रत काढली, ५१२ बाइटांची छोटीशी फाइल, तिला स्पष्ट नाव दिले आणि समाधानाने संगणक बंद केला. ती फाइल मी त्याच डिस्कवर ठेवली आहे, हे माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी सकाळी आले.